गाडीमागे सायकली न्यायच्या रॅकवर ‘कमाल ६० किलो’ लिहिलंय, मग मिळून ५५ किलोच्या दोन ई-सायकली चालतील का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात दोन इलेक्ट्रिक सायकली आहेत. एक फॅट टायरची, मधला आडवा दांडा नसलेली, मडगार्ड आणि कॅरियरवाली. कंपनीच्या माहितीप्रमाणे ३१ किलोची. दुसरी नेहमीच्या फ्रेमची, २४ किलोची. गाडीला सव्वा इंची हिच, म्हणजे मागे काही जोडण्यासाठी चेसिसला बसवलेला चौकोनी नळीचा जोड, आधीपासून बसवलेली आहे. पसंत पडलेल्या रॅकवर ‘२ सायकली, कमाल ६० किलो’ असं लिहिलंय, पण तो दोन इंची रिसीव्हरसाठी, म्हणजे हिचच्या दोन इंची नळीसाठी आहे. ५५ हे ६० पेक्षा कमीच, तेव्हा सव्वा इंचावरून दोन इंचावर नेणारा अडॅप्टर लावला की झालं का?

आहे या जुळणीला माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. रॅक खराब आहे म्हणून नाही. अडचण अशी की ६० हा आकडा एकट्या रॅकचा आहे, आणि सायकलींचं वजन एकटा रॅक पेलत नाही. ते ट्रेवरून (सायकलीची चाकं ज्यात टेकतात त्या पन्हळीवरून) रॅकच्या दांड्यात, दांड्यातून हिचच्या चौकोनी नळीत, तिथून बोल्टमधून गाडीच्या चेसिसमध्ये आणि शेवटी मागच्या चाकांवर उतरतं. या प्रत्येक ठिकाणाला आपापली मर्यादा आहे. त्यातली सगळ्यात लहान मर्यादा शोधायची आणि तीच आपली धरायची. ‘कुठला रॅक घेऊ’ हा प्रश्न त्यानंतर येतो, आणि तोवर बरेच रॅक आपोआप गळून गेलेले असतात.

सुरुवात सायकलींच्या खऱ्या वजनापासून करा. माहितीपत्रकातलं वजन कधी बॅटरीशिवाय असतं, कधी सगळ्यात लहान मापाच्या फ्रेमचं असतं. वर आपण कुलूप, बाटलीचा स्टँड, मागची पेटी, आरसे असं काय काय चढवलेलं असतं. दोन-तीन किलोंचा फरक सहज पडतो. ३१ किलोची सायकल हातात उचलून काट्यावर उभं राहायची गरज नाही. माणसांचं वजन करायचा काटा पुढच्या चाकाखाली ठेवा आणि मागच्या चाकाखाली तेवढ्याच उंचीची फळी किंवा वीट. सायकल उभी धरा, तिच्यावर भार देऊ नका, आकडा टिपून घ्या. मग काटा मागच्या चाकाखाली न्या आणि फळी पुढच्या. दोन्ही आकड्यांची बेरीज म्हणजे सायकलीचं वजन. बॅटरी वेगळी मोजा; साधारण तीन ते चार किलो भरते, मोठी असेल तर जास्त. पुढच्या हिशेबात मी तुमचेच आकडे धरतो, मोठी बॅटरी ४ किलोची आणि लहान ३ किलोची.

आता रॅकवरचे ६० किलो. दोन सायकलींच्या रॅकवर एकूण ६० लिहिलं असेल तर जवळजवळ नेहमीच त्याचा अर्थ एका ट्रेवर ३० असा असतो. ३१ आणि २४ ची बेरीज करून ५५ काढता येत नाही, कारण जड सायकलीचा ट्रे आणि तिला धरणारा हात यांना हलक्या सायकलीची काहीच मदत होत नाही. म्हणजे बॅटरीसकट तुमची फॅट टायरवाली सायकल या रॅकच्या मर्यादेबाहेर आहे, बॅटरी काढली तर २७ किलो होऊन आत येते. हे चालतं, पण मग बॅटरी काढणं ऐच्छिक राहत नाही. दर वेळी, अगदी दहा मिनिटांच्या रस्त्यालासुद्धा काढावीच लागेल. स्वतःशी प्रामाणिकपणे विचार करा. थंडीपावसात, घाईत ते पाळलं जाणार नसेल तर ट्रेमागे ३५ किलोंच्या आसपास पेलणारा रॅकच बघा.

सूचनापत्रकात आणखी दोन ओळी शोधा. एक, सव्वा इंची आणि दोन इंची दांड्यासाठी वेगवेगळी क्षमता दिली आहे का. एकच मॉडेल दोन्ही मापांत मिळत असेल तर सव्वा इंचाला बहुधा कमी क्षमता दिलेली असते, आणि खोक्यावर मात्र मोठा आकडा ठळक असतो. दोन, कच्च्या रस्त्यासाठी, ट्रेलरमागे किंवा हिचची लांबी वाढवून वापरायची असेल तर काय. तिथे क्षमता निम्म्यावर आणलेली किंवा सरळ मनाई केलेली सापडेल. बारीक अक्षरात असली तरी खरेदी ठरवायला या ओळी खोक्यावरच्या आकड्यापेक्षा जास्त उपयोगाच्या आहेत.

हिचकडे वळू. हिचच्या आडव्या दांड्यावर किंवा नळीजवळ एक लेबल असतं. चिखलाने माखलेलं असेल, ओल्या फडक्याने पुसा. त्यावर दोन प्रकारचे आकडे असतात: गाडी मागे किती वजन ओढू शकते तो, आणि टंग वेट, म्हणजे हिचवर वरून खाली किती भार टेकू शकतो तो. आपल्याला फक्त टंग वेट हवं. कधी कधी तेही दोनदा दिलेलं असतं, साधं एक आणि वजन विभागणारी वेगळी जुळणी लावल्यावरचं दुसरं. सायकलच्या रॅकला साधं, लहान असलेलंच धरायचं. हिचचे ताकदीप्रमाणे क्लास असतात. सव्वा इंची हिच क्लास १ ची असेल तर टंग वेट साधारण ९० किलो, क्लास २ ची असेल तर १६० किलोंच्या आसपास. दोन इंची क्लास ३ ला ते ३६० किलोंपर्यंत जातं. जिथे चौकोनी नळीऐवजी ५० मिलिमीटरचा गोल बॉल असतो, तिथे लहान-मध्यम गाड्यांना ही मर्यादा बऱ्याचदा ७५ किलोंच्या आगेमागेच असते. लेबल नसलेल्या, कुणीतरी वेल्डिंग करून दिलेल्या हिचवर ई-सायकली चढवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. ती मजबूत दिसत असेल, पण तिचा आकडा कुणालाच सांगता येत नाही.

लेबलनंतर गाडीचं हँडबुक. हिच ३६० किलोंची असली तरी गाडीला ८० किलोच मान्य असतील तर आपला आकडा ८०. पुष्कळ जण सव्वा इंची काढून दोन इंची हिच बसवतात आणि क्षमता वाढली असं धरून चालतात. नळी मोठी झाली, गाडीचं चेसिस तेच राहिलं. काही विजेच्या आणि हायब्रिड गाड्यांना ट्रेलर ओढायची परवानगीच नसते, पण सायकलच्या रॅकसाठी ठरावीक भार लिहून दिलेला असतो. म्हणून ‘ओढण्याची क्षमता शून्य’ एवढंच वाचून पान मिटू नका.

तुमच्या जुळणीची बेरीज करू. दोन ई-सायकलींचा चांगला प्लॅटफॉर्म रॅक स्वतःच १८ ते ३० किलोंचा असतो. आपण २४ धरू. हे वजन लोक हमखास विसरतात. बॅटऱ्यांसकट सायकली ५५ अधिक रॅक २४, एकूण ७९. बॅटऱ्या काढल्या तर ७२. क्लास १ च्या ९० मध्ये हे बसतं. गाडीचं हँडबुक ७५ म्हणत असेल तर बॅटऱ्या काढल्यावरच बसतं, तेही काठावर. अडॅप्टर लावला तर त्याचं वजन आणखी वर.

अडॅप्टरला माझा विरोध मात्र या वजनापुरता नाही. तो रॅकला मागे ढकलतो, आणि हिचला तेच जास्त त्रासदायक असतं. आकड्यात बघा. बॅटरी काढलेली २७ किलोची सायकल पिनपासून (रॅकचा दांडा हिचच्या नळीत अडकवणाऱ्या खिळीपासून) ४० सेंटीमीटरवर, २१ किलोची ७० सेंटीमीटरवर, आणि रॅकचं स्वतःचं वजन सरासरी ४५ सेंटीमीटरवर धरलं, तर पिनपाशी वाकवणारा जोर, म्हणजे वजन गुणिले अंतर, सुमारे ३६ किलोग्रॅम-मीटर येतो. जागा अदलाबदल करून जड सायकल बाहेरच्या बाजूला ठेवली तर तो ३८ होतो. म्हणजे जड सायकल गाडीकडे ठेवा हा सल्ला बरोबर आहे, पण त्याने फरक पाचेक टक्क्यांचाच पडतो. बॅटऱ्या काढल्याने साधारण नऊ टक्के जोर कमी होतो. आणि अडॅप्टरमुळे सगळं फक्त १५ सेंटीमीटर मागे गेलं की ३६ चे ४७ होतात, जवळपास ३० टक्के वाढ. टंग वेटच्या आकड्यात ही वाढ दिसत नाही, कारण किलो तेवढेच राहतात. गाडी खड्ड्यातून उसळते तेव्हा हाच जोर क्षणभर दुप्पट-तिप्पट होतो आणि नळीच्या वेल्डिंगवर, हिचच्या बोल्टवर येतो. शिवाय अडॅप्टर म्हणजे आणखी एक सांधा आणि त्यात आणखी एक फट. मागच्या दारावर स्टेपनी टांगलेल्या गाड्यांना रॅक मागे नेण्यासाठी लांबीचा तुकडा लावतात, त्यालाही हेच सगळं लागू पडतं. म्हणून हिच सव्वा इंचीच ठेवायची असेल तर दांडाच सव्वा इंची असलेला रॅक घ्या. गाडी परवानगी देत असेल आणि सायकली बरीच वर्षं अशाच न्यायच्या असतील, तर दोन इंची हिच बसवून घेणं हा पैशाचा सगळ्यात चांगला उपयोग आहे. रॅक मिळण्याचे पर्यायही मग कितीतरी वाढतात.

मागच्या चाकांचाही हिशेब एकदा करून ठेवा. भार मागच्या ॲक्सलच्याही मागे असतो, त्यामुळे तो तरफेसारखा काम करतो. गाडीच्या दोन ॲक्सलमधलं अंतर २.६ मीटर आणि भाराचं केंद्र मागच्या ॲक्सलपासून १.४५ मीटर मागे असेल, तर ७२ किलोंमुळे मागच्या ॲक्सलवर सुमारे ११२ किलो पडतात आणि पुढच्या ॲक्सलवरचे ४० किलो उचलले जातात. मागे तीन माणसं आणि डिकीत सामान भरलं की ॲक्सलची मर्यादा ओलांडायला वेळ लागत नाही. गाडी मागून बसते, हेडलाइट वर जातात आणि समोरच्याच्या डोळ्यांवर येतात. हेडलाइटची उंची कमी करायचं चाक असेल तर ते वापरा, मागच्या टायरची हवा पूर्ण भाराच्या आकड्याप्रमाणे भरा, आणि जड सामान डिकीऐवजी शक्य तितकं पुढे ठेवा.

आता रॅकचा प्रकार. टांगायचे रॅक, ज्यात सायकल वरच्या दांड्यावर लटकते, ई-सायकलीसाठी सोडून द्या. त्यांच्या बहुतेक मॉडेलची मर्यादा साध्या सायकलींच्या वजनाची असते, रबरी पट्टे जड सायकलीच्या झोक्याने ताणत जातात, आणि आडवा दांडा नसलेली सायकल टांगायला जी खोटी दांडी मिळते ती सीटच्या आणि हँडलच्या खांबाला अडकवलेली असते. ३१ किलो तिच्यावर सोपवू नयेत. डिकीला पट्ट्यांनी बांधायच्या रॅकचा विचारच नको. टपावरचा रॅक वजनाने बसला तरी २४ किलोची सायकल डोक्याच्या वर उचलावी लागते. उरतो तो प्लॅटफॉर्म रॅक, ज्यात सायकल ट्रेवर आपल्या चाकांवर उभी असते.

प्लॅटफॉर्म रॅकमध्ये सायकल धरायच्या दोन पद्धती आहेत, आणि तुमच्या दोन सायकलींमुळे इथे जरा थांबावं लागेल. एकात हुकासारखा हात पुढच्या चाकावर येऊन टायरला खाली दाबतो. फ्रेमला काहीच लागत नाही, म्हणून कार्बन फ्रेमला आणि आडवा दांडा नसलेल्या सायकलीला ही पद्धत उत्तम. पण पुढे मडगार्ड असेल तर हात टायरऐवजी मडगार्डवर बसतो. पहिल्या दहा मिनिटांत मडगार्ड दबतो, त्याच्या तारा वाकतात, आणि मग पकड ढिली पडते कारण दाबलेली वस्तूच खाली गेलेली असते. काही रॅकमध्ये दोन हात चाकाला पुढून आणि मागून कवेत घेतात. ते मडगार्डच्या खालच्या टोकाला टाळून बसतात का हे तुमची सायकल नेऊन प्रत्यक्ष लावूनच बघा. नाहीतर पुढचा मडगार्ड दोन बोल्टमध्ये सुटेल अशी सोय करून ठेवा.

दुसऱ्या पद्धतीत एक जबडा फ्रेमची नळी पकडतो आणि चाकांना पट्टे असतात. मडगार्डचा प्रश्न मिटतो. पण ई-सायकलीची खालची नळी बॅटरीमुळे जाड असते, आणि पुष्कळशा जबड्यांचं तोंड ८० मिलिमीटरपर्यंतच उघडतं. दोरी गुंडाळून मापू नका, तो घेर येईल. नळीची रुंदी आणि उंची पट्टीने घ्या. जबडा बॅटरीच्या झाकणावर, ब्रेकच्या वायरवर किंवा मोटरच्या केबलवर येता कामा नये. तुमच्या फॅट टायरच्या सायकलीला सीटखालची उभी नळी हीच धरायला योग्य जागा ठरण्याची शक्यता जास्त आहे. तिथपर्यंत पोचेल इतका लांब हात रॅकला आहे का, ते बघा. फ्रेम कार्बनची असेल तर जबडा नकोच.

मापं तीन घ्यायची. टायरची रुंदी: चार इंची फॅट टायर म्हणजे जवळपास १० सेंटीमीटर, आणि साधा ट्रे सहा-साडेसहा सेंटीमीटरच्या टायरसाठी असतो. टायर ट्रेच्या कडांवर वर बसला तर सायकल मुळात अस्थिरच उभी राहते, पट्टा कितीही आवळा. फॅट टायरचे ट्रे आणि लांब पट्टे वेगळे मिळतात, ते त्याच कंपनीचे घ्या. दुसरं, दोन चाकांच्या आसांमधलं अंतर. बहुतेक ई-सायकलींचं ११० ते १२५ सेंटीमीटर असतं, आणि रॅकची मर्यादा साधारण १२० ते १३५ असते. लांब सायकलीचं मागचं चाक ट्रेच्या टोकावर लोंबायला नको. तिसरं, चाकाचा व्यास. फॅट टायरच्या कितीतरी सायकली २० इंची चाकांच्या असतात आणि चाक दाबणारे काही हात इतक्या लहान चाकापर्यंत खाली येतच नाहीत.

दोन ट्रेंमधल्या अंतराकडे सहसा कुणी बघत नाही, आणि मग एका सायकलीचं हँडल दुसरीच्या सीटमध्ये घुसतं. सायकली एकमेकींच्या उलट दिशेला तोंड करून ठेवायच्या असतात, पण ई-सायकलींची हँडलं रुंद आणि ब्रेक, डिस्प्ले यांनी गजबजलेली असतात. ट्रे डावी-उजवीकडे किंवा वर-खाली सरकवता येणारा रॅक घ्या. तरी अडलं तर सीट खाली करा. पेडल दुसऱ्या सायकलीच्या तारांना लागत नाही ना, ते बघून मगच पट्टे आवळा.

रॅम्प हा माझ्या मते या वजनाला ऐषआराम नाही, गरज आहे. प्लॅटफॉर्म गुडघ्याच्या वर, मांडीपर्यंत येतो. ३१ किलोची सायकल तिथवर उचलताना पाठ वाकलेली असते आणि सायकल फिरत असते. कंबर तिथेच धरते. रॅम्पवरून चढवताना सायकलीचा चालत ढकलायचा मोड, जो माणसाच्या चालीइतक्या वेगाने चाक फिरवतो, फार कामी येतो. त्यासाठी बॅटरी जागेवर हवी. म्हणून क्रम असा: आधी चढवा, चाकं ट्रेमध्ये बसवा, पकड लावा, मग बॅटरी काढा. पण काही सायकलींत बॅटरी बाजूने निघते आणि बाजूला दुसरी सायकल उभी असली की ती बाहेर येत नाही. मग पहिली सायकल चढवून तिची बॅटरी काढायची, त्यानंतरच दुसरी चढवायची. बॅटरीच्या कुलपाची किल्ली खिशात असू द्या. चालत ढकलायच्या मोडमध्ये एक हात ब्रेकवरच ठेवा, आणि चाक ट्रेच्या टोकाला टेकायच्या आधीच बटण सोडा, नाहीतर मोटर सायकलीला रॅकवरून पुढे चढवू बघते.

काढलेली बॅटरी गाडीच्या आत, पायाशी किंवा सामानात घट्ट बसवून ठेवा. मागच्या काचेखालच्या फळीवर मोकळी नको, जोरात ब्रेक लागला तर चार किलोंची वस्तू पुढे उडते. उन्हात बंद गाडीत बॅटरी सोडून जाऊ नका. सायकलीवर जिथे बॅटरीचे तांब्याचे संपर्क उघडे पडतात तिथे टोपण किंवा घट्ट बसणारं आवरण लावा. वेगात पडणारा पाऊस म्हणजे पाण्याचा फवाराच असतो, तो साध्या पावसाला न दाद देणाऱ्या जोडांमध्येही घुसतो. डिस्प्ले निघत असेल तर तोही आत घ्या. मात्र अख्ख्या सायकलींवर ताडपत्री किंवा मोठं कव्हर घालून गाडी चालवू नका. वाऱ्यात ते शिडासारखं भरतं आणि हिचला मागे ओढत राहतं. कितीतरी रॅक कंपन्या त्याला स्पष्ट मनाई करतात.

रॅक बसवताना सगळ्यात मोठा फरक पडतो तो नळीतल्या फटीने. रॅकचा दांडा नळीत सहज शिरावा म्हणून किंचित लहान असतो. ही फट एक मिलिमीटर असेल आणि दांडा नळीत १५ सेंटीमीटर शिरला असेल, तर ७० सेंटीमीटर मागच्या सायकलीपाशी ती पाच मिलिमीटरची हालचाल होते. प्रत्येक खड्ड्याला तेवढा ठोका बसतो. नुसती पिन घालणाऱ्या रॅकपेक्षा आट्यांची पिन किंवा दांड्याच्या टोकाला नळीत रुतणारी पाचर असलेला रॅक घ्या. पिनचं माप दोन इंची नळीला १६ मिलिमीटर आणि सव्वा इंचीला १३ मिलिमीटर असतं. बारीक पिन घालून भागवू नका. तपासायची सोपी पद्धत: रॅकचं बाहेरचं टोक दोन्ही हातांनी धरून जोरात डावी-उजवीकडे हलवा. पूर्ण गाडी डोलायला हवी. गाडी स्थिर राहून रॅकच खटखटत असेल तर पाचर बसलेली नाही. गोल बॉलवर बसणाऱ्या रॅकमध्ये पकड निव्वळ घर्षणाची असते, म्हणून बॉलवरचं ग्रीस, रंग, गंज आधी साफ पुसून काढा. बॉल पोलादी आहे ना, याचीही खात्री करा.

इतर गोष्टी पटकन सांगतो, पण यातल्या प्रत्येकीने कुणाचं ना कुणाचं नुकसान केलेलं आहे. सायलेन्सरचं तोंड जवळच्या चाकाच्या रेषेत असेल तर गरम धुराने टायर आणि रिम भाजतात. चाक तिथून सरकवा किंवा धूर खाली वळवणारं टोक लावा. पाय हलवून उघडणारी डिकी असेल तर ती सोय बंद करा, नाहीतर सायकली चढवताना दार उघडून रॅकवर आपटतं. उलट घेताना आपोआप ब्रेक मारणारी यंत्रणा आणि मागचे सेन्सर रॅकला अडथळा समजतात. नंबर प्लेट आणि मागचे दिवे झाकले जात असतील तर दिव्यांची वेगळी पट्टी आणि गाडीला सात किंवा तेरा पिनांचं सॉकेट लागेल. सायकली आडव्या असतात आणि ई-सायकल १८० ते १९० सेंटीमीटर लांब भरते. लहान गाडीच्या दोन्ही बाजूंनी चाकं थोडी बाहेर येतात. किती बाहेर चालतं याचे नियम ठिकठिकाणी वेगळे आहेत, ते तुमच्याकडचे बघून घ्या. रॅक तिरपा करून डिकी उघडायची सोय असेल तर ५० किलो अंगावर येणार आहेत हे ध्यानात ठेवून बाजूला उभे राहून खटका दाबा, आणि परत उभा केल्यावर खटका बसल्याचा आवाज ऐका, मग रॅक हाताने ओढून बघा.

तुमच्यापुरतं बोलायचं तर: आधी हिचचं लेबल आणि हँडबुक. तिथे ८० किलो किंवा त्याहून जास्त निघाले तर अडॅप्टरशिवाय बसणारा, ट्रेमागे ३५ किलोंच्या आसपास पेलणारा, चार इंची टायरचा ट्रे आणि रॅम्प असलेला, सीटच्या नळीला धरता येणारा किंवा मडगार्ड टाळून चाक धरणारा रॅक घ्या. स्वतः रॅक २५ किलोंच्या आत असेल तर बरं, कारण तो जितका जड तितकं सायकलींना कमी उरतं. ७५ च्या आसपास निघाले तर बॅटऱ्या काढूनच, आणि रॅक २२ किलोंच्या आतला. त्याहून कमी निघाले तर एका खेपेला एकच सायकल रॅकवर ठेवा, मोठा रॅक आणून हा आकडा बदलत नाही.

घेतल्यावर पहिल्या खेपेला निघण्याआधी टायरमध्ये पूर्ण हवा भरा. फॅट टायर बऱ्याचदा मऊ ठेवलेले असतात, आणि मऊ टायरवर दाबलेली पकड प्रवासात सैल होते. दहा-पंधरा किलोमीटरवर थांबा, पट्टे पुन्हा ओढा, जबडा किंवा चाकावरचा हात एकेक खाच पुढे जातो का बघा, पिन आणि पाचर तपासा. नवे पट्टे पहिल्यांदा थोडे ताणतातच, त्यामुळे या थांब्याला काहीतरी आवळावं लागेल. गतिरोधकावर गाडी जवळजवळ थांबवून न्या. मागचं टोक पुढच्यापेक्षा जास्त उसळतं. रॅकच्या सूचनापत्रकात कमाल वेग दिलेला असेल तर तोच पाळा. आणि रिकामा रॅक आठवडेन् आठवडे गाडीला लावून ठेवू नका. भार नसताना तो सुटा खटखटत राहतो आणि पाचर व वेल्डिंग दोन्ही झिजवतो. सायकली उतरवल्या की रॅकही उतरवा, दांडा पुसून आट्यांना थोडं ग्रीस लावून ठेवा, बॉलवर बसणारा असेल तर मात्र पकडीच्या आतल्या भागाला ग्रीस लागू देऊ नका.